टपाची जुनी मोटार विकण्यापूर्वीं

जुनी वस्तु विकावयास काढली कीं ती आधीं घासून-पुसून घ्यावी, ही आपल्या घरांतली फार जुनी चाल आहे. तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत घालावयाचीं असलीं तरी आपण तीं चिंचेनें उजळून नेतों. वास्तविक मोडीचा भाव वजनावर ठरतो, चकाकीवर नाहीं, आणि हें दुकानदाराला आपल्याहून अधिक ठाऊक असतें. मोटार विकतांना हाच प्रश्न मोठ्या रकमेचा होऊन पुढें उभा राहतो. दुरुस्त करून विकावी, कीं आहे तशी द्यावी? त्यांतून ती मोटार टपाची असेल, म्हणजे जिचें छत कापडाचें असून मागें दुमडतां येतें अशी असेल, तर प्रश्नाला आणखी कांहीं पदर सुटतात. आजच्या भाषणांत त्यांचा विचार करावयाचा आहे.

टप हा शब्द टांगा आणि व्हिक्टोरिया यांच्याकडून मोटारीकडे आला. आरंभींच्या मोटारी बहुतेक उघड्याच असत. ऊन-पाऊस लागला कीं वर ओढून घ्यावयाचा टप एवढेंच त्यांचें छत. पत्र्याच्या बंद मोटारी १९२० नंतरच्या दशकांत स्वस्त झाल्या आणि उघड्या मोटारीची गरज संपली. उरली ती हौस. विक्रीच्या दृष्टीनें ही गोष्ट महत्त्वाची आहे. बंद मोटार घेणारा माणूस तिच्याकडे कचेरींत पोंचविणारें वाहन म्हणून पाहतो. टपाची मोटार पाहावयास येणारा घरून निघतांनाच मनानें तिच्यांत बसलेला असतो. तो थोडी अधिक किंमत देतो आणि चौकशीहि पुष्कळ अधिक करतो. आपल्याकडे अशा गाड्या थोड्या. १९८५ पासून निघालेली मारुतीची जिप्सी, २०१० सालची महिंद्रची थार आणि २०२० सालीं आलेली तिची नवी आवृत्ति, यांतल्या कापडी टपाच्या गाड्या हाच आपल्या बाजारांतील मुख्य माल. बाकीच्या परदेशी बनावटीच्या गाड्या मोजक्याच घरांत दिसतात.

आतां टप नसलेल्या आणि टप असलेल्या मोटारींत यांत्रिक फरक काय, हें पाहूं. बुटांचें पुठ्ठ्याचें खोकें झांकणासह हातांत घेऊन पिळून पाहा. तें सहसा पिळवटत नाहीं. झांकण काढून पिळा. लगेच वांकडें होतें. आजच्या बहुतेक बंद मोटारी या झांकणासकट असलेल्या खोक्यासारख्या आहेत. त्यांचें छत केवळ ऊन अडवीत नाहीं, गाडीचा भार पेलण्यांत त्याचा वांटा असतो. तें काढून तेथें कापड घातलें म्हणजे तो वांटा दुसऱ्या कोणीतरी उचलावा लागतो, म्हणून अशा गाडींत दोन्ही दारांखालचे उंबरे जाड व मजबूत करतात आणि तळाला आडव्या पट्ट्या घालतात. टपाच्या गाडींत उंबरा हा कणा आहे. आणि नेमकें याच उंबऱ्यांत पाणी शिरतें.

जपानच्या मॅझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोघांनीं बसण्याची टपाची गाडी १९८९ सालीं निघाली; २०१६ सालीं तिच्या उत्पादनानें दहा लाखांचा आंकडा गांठला. जगांत एवढ्या संख्येनें खपलेली दोन बैठकींची दुसरी टपाची गाडी नाहीं, त्यामुळें अशा गाड्यांचे आजार तिच्यावरून चांगले कळले आहेत. तिच्या टपावरचें पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांवाटें खालीं जातें. पालापाचोळा आणि धूळ यांनीं त्या नळ्या तुंबल्या म्हणजे पाणी वाट बदलून आंत उतरतें, पोकळींत सांचून राहतें, आणि मागच्या चाकाच्या थोडें पुढें गंज धरतो. नळी मोकळी करावयास एक मऊ तार आणि पंधरा मिनिटें पुरतात. गंजलेला उंबरा कापून नवा पत्रा जोडणें हें मात्र आठवड्याचें आणि मोठ्या खर्चाचें काम आहे. आपल्या थार-जिप्सीचा प्रकार निराळा. त्या शिडीच्या आकाराच्या पोलादी चौकटीवर बांधलेल्या असल्यामुळें भार ती चौकट घेते आणि छत असण्यानसण्यानें तितका फरक पडत नाहीं. तेथें तपासावयाची ती चौकट, आणि पायपुसण्यांखालची जमीन, विशेषतः ज्या ठिकाणीं बैठका व सुरक्षा-पट्टे बोल्टांनीं आवळलेले असतात तेवढी जागा. टपाची गाडी विकावयास काढणाऱ्यानें मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं स्वतः गाडीखालीं वांकून पाहावें. बोटानें ठोकल्यावर पत्रा खणखणीत बोलतो कीं पापुद्रे गळतात, एवढें कळावयास कारागिरी लागत नाहीं.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडाचें उदाहरण घेतों. तेथील गृहस्थांना गडकिल्ल्यांचें वेड. त्यांनीं २०१३ सालीं कापडी टपाची थार घेतली आणि पोटच्या पोरासारखी सांभाळली. पुढें ते अकस्मात् वारले. गाडी आवारांत उभी राहिली. दोन पावसाळे तिच्यावरून गेले. मुलीच्या शिक्षणाचा हप्ता तोंडावर आला तेव्हां वहिनींनीं ती विकावयाचें ठरविलें. गॅरेजच्या मिस्त्रीनें गाडी पाहून अडुसष्ट हजारांचा अंदाज दिला आणि वर म्हटलें, "एवढं करून घ्या वहिनी, मग बघा कशी हातोहात जाते." जुन्या मोटारींच्या एका दलालानें बॉनेटहि न उघडतां चार लाख दहा हजार देऊं केले आणि सांगितलें, "एक रुपया घालू नका हिच्यावर." दोघेहि आपापल्या धंद्याचें बोलत होते, त्यांत राग मानण्यासारखें कांहीं नाहीं. वहिनी अंदाजाचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "मास्तर, तुम्ही जन्मभर हिशेब शिकवलात. यांतलं खरं कोणाचं?"

अंदाजाचा कागद एका आंकड्यानें वाचूं नये, तो फोडावा. अडुसष्ट हजारांत सबंध रंगाचे तीस, नव्या टपाचे अठरा, ब्रेकचे सात, बॅटरीचे सहा, बैठकींच्या कव्हरांचे पांच आणि दारांच्या रबरी पट्ट्या बदलून गळती थांबविण्याचे दोन हजार होते. इतकें सारें केल्यावर गाडी किती जाईल, असें विचारतां मिस्त्रीनें चार लाख साठ हजार सांगितले. म्हणजे अडुसष्ट घालून पन्नास मिळवावयाचे. येथें त्रैराशिकाचीहि गरज नाहीं. मात्र एवढ्यावरून 'कांहींच करूं नये' असाहि निर्णय निघत नाहीं, कारण या सहा बाबी एका जातीच्या नाहींत. कांहींवर घातलेला रुपया दीडपट होऊन परत येतो, तर कांहींवरचा आठ आणे होऊन. कोणता कोठें जातो हें ओळखावयाचें, तर गिऱ्हाइकाच्या डोक्यांत शिरलें पाहिजे.

या कामीं अर्थशास्त्राची मदत होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लोफ यांनीं १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय जुन्या मोटारींचा बाजार हाच होता. त्यांचें म्हणणें सोप्या आंकड्यांत सांगतों. समजा, बाजारांत बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्या आहेत. एक आंतून चांगली, पांच लाखांची. दुसरी बिघडलेली, तीन लाखांची. कोणती कशी हें मालकाला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला नाहीं. गिऱ्हाईक बिचारें मधला भाव काढतें आणि चार लाख म्हणतें. तीन लाखांच्या गाडीचा मालक आनंदानें होकार देतो. पांच लाखांच्या गाडीचा मालक गाडी घरीं परत नेतो. हें चार लोकांना कळलें कीं चार लाख देणेंहि गिऱ्हाइकाला धोक्याचें वाटूं लागतें आणि भाव आणखी उतरतो. अशा रीतीनें वाईट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलतो. याच विचारासाठीं अकर्लोफ यांना २००१ सालीं मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. स्पेन्स यांनीं त्यापुढची गोष्ट मांडली. आपला माल चांगला आहे असें नुसतें सांगून भागत नाहीं, कारण तें तर सारेच सांगतात. चांगल्या मालवाल्यानें अशी खूण दाखवावी, कीं जी दाखविणें खोट्या माणसाला परवडणार नाहीं.

ही कसोटी आमच्या शेजारच्या गाडीला लावून पाहा. नवा रंग ही चांगली खूण आहे कां? मुळींच नाहीं. बिघडलेल्या गाडीच्या मालकालाहि रंग तितक्याच पैशांत मिळतो. किंबहुना गंज आणि पुटी झांकण्याची गरज त्यालाच अधिक असते. म्हणून जाणतें गिऱ्हाईक ताज्या रंगाची गाडी पाहिली कीं खिशांतून लोहचुंबक काढतें. पुटीवर चुंबक चिकटत नाहीं. गाडीच्या तळाला नुकताच फांसलेला डांबरी काळा थर तर याहूनहि संशयास्पद, कारण जो भाग पाहावयाचा तोच त्याखालीं झांकला जातो. तीस हजार घालून गिऱ्हाइकाच्या मनांत संशय विकत घ्यावयाचा, असा हा व्यवहार. उलट, वर्षानुवर्षांच्या सर्व्हिसच्या पावत्या, आणि तिऱ्हाईत जाणकाराकडून गाडी उचलून करविलेल्या तपासणीचा लेखी अहवाल, यांचा खर्च थोडा. आणि बिघडलेल्या गाडीचा मालक हा अहवाल दाखवूंच शकत नाहीं. शेजारच्या गृहस्थांनीं पावत्यांची फाईल तारीखवार लावून ठेविली होती. माझ्या मतें त्या गाडीवर त्यांनीं केलेलें सर्वांत किफायतशीर काम तें.

बॅटरीची गोष्ट वेगळी. ती मेलेली असली तर गाडी सुरूच होत नाहीं. गाडी सुरू झाली नाहीं म्हणजे गिऱ्हाइकाला एंजिनाचा आवाज ऐकतां येत नाहीं, गिअर पडतात कीं नाहीं हें पाहतां येत नाहीं, आणि जें पाहतां येत नाहीं त्याची किंमत तें सर्वांत वाईट धरून लावतें. सहा हजारांच्या बॅटरीपायीं साठ हजारांच्या एंजिनाची शंका अंगावर घेणें शहाणपणाचें नाहीं. तोच प्रकार समोरच्या फलकावर पेटून राहणाऱ्या तांबड्या-पिंवळ्या दिव्यांचा. कित्येकदां आंत एखादी सैल तार किंवा दोनचार हजारांचा भाग एवढेंच कारण असतें. परंतु दिवा पाहणाऱ्याला तें कसें कळावें? जेथें दोष लहान आणि भीति मोठी, तेथें दुरुस्ती आपण करावी. जेथें दोष मोठा असून उघड दिसतो आणि त्याचा खर्च कोणालाहि विचारून कळतो, तेथें ती बहुधा गिऱ्हाइकावर सोडावी व तेवढें किंमतींत तोडावें.

टप या दोहोंच्या सीमेवर बसतो, म्हणून त्याबद्दल थोडें विस्तारानें बोलतों. टप जुना होतो तो चार ठिकाणीं. कापडाचा रंग उडतो. घडीच्या जागीं शिवण उसवते. मागच्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या पिंवळ्या व धुरकट होतात. आणि कांठाच्या रबरी पट्ट्या कडक होऊन पाणी आंत येतें. यांपैकीं पहिला दोष रूपाचा आहे. थार घेणारी तरुण मंडळी गाडी घरीं नेतांच तिला आपल्या आवडीचा टप, आपल्या आवडीचीं चाकें लावावयास निघतात. त्यांच्यासाठीं आपण अठरा हजारांचा नवा काळा टप घालावा आणि त्यांना हवा असावा खाकी, यांत कोणाचेंच हित नाहीं. शिवणीची गोष्ट निराळी. ताडपत्री व बैठका शिवणारे कारागीर अजून प्रत्येक मोठ्या शहरांत आहेत. ते हजारभर रुपयांत उसवलेली शिवण दुहेरी दोऱ्यानें पक्की करून देतात. प्लास्टिकच्या खिडक्या मऊ फडक्यानें आणि त्याच कामाच्या पॉलिशनें बऱ्याच अंशीं निवळतात. गळती मात्र सोडूं नये. ओल्या गालिच्याचा कुबट वास दार उघडतांच नाकांत जातो आणि पुढचें सारें बोलणें त्या वासाच्या छायेंत होतें. गळती खरोखर थांबली कीं नाहीं हें पाहावयाचें तर टप लावून बागेच्या नळीनें दहा-पंधरा मिनिटें पाणी सोडावें आणि आंत बसून कोरडा कागद कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवावा. पायपुसणीं नवीं घालून खालची ओल झांकणारे लोकहि आहेत. पहिल्याच मृगांत तें उघडकीस येतें.

टपाच्या बाबतींत आणखी एक मोह असतो. फाटका टप बदलण्याऐवजीं पत्र्याचें किंवा फायबरचें पक्कें छतच बसवून टाकावें, म्हणजे गाडी 'मोठी' दिसेल आणि भाव येईल, असें सुचविणारे पुष्कळ भेटतात. वहिनींनाहि तसा सल्ला मिळाला होता. येथें कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणी-पुस्तकांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून निराळा पडेल असा बदल वाहनांत करतां येत नाहीं; आणि जानेवारी २०१९ मधील एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें हें स्पष्ट शब्दांत सांगितलें आहे. परवानगीवांचून बसविलेलें पक्कें छत नांवबदलाच्या किंवा फेरतपासणीच्या वेळीं अडचण करतें. ज्यांनीं तें पूर्वींच बसविलें असेल त्यांनीं माळ्यावर टाकलेला मूळ टप आणि त्याच्या लोखंडी कमानी शोधून काढाव्या आणि विक्रीपूर्वीं पुनः चढवाव्या. हौशी गिऱ्हाईक मूळ वस्तूला अधिक मान देतें.

आतां ब्रेक. हा सात हजारांचा खर्च मीं हिशेबाबाहेर ठेविला, आणि वहिनींनाहि तसें सांगितलें. दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक गंजून धरतात, तेलांत पाण्याचा अंश उतरतो, टायर एका जागीं दबून त्यांना बारीक चिरा पडतात. अशी गाडी घेऊन कोणी घाट उतरूं लागला तर काय होईल, हें सांगावयास नको. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांच्या दुरुस्तीनें किंमत वाढते कीं नाहीं, हा प्रश्नच विचारूं नये. एक तर त्या दुरुस्त करून गाडी द्यावी. खर्च झेपत नसेल तर गाडी चालविण्यालायक नाहीं असें लिहून द्यावें आणि ती दुसऱ्या वाहनावर घालूनच आवाराबाहेर जाऊं द्यावी.

दोष सांगावा कीं न सांगावा, या प्रश्नाला कायद्याची बाजूहि आहे आणि ती मोठी मनोरंजक आहे. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमांत फसवणुकीची व्याख्या असून तिच्याखालीं समजुतीसाठीं घोड्याचीं उदाहरणें दिलीं आहेत. एकानें आपला सदोष घोडा लिलावांत विकला आणि दोषाबद्दल चकार शब्द काढला नाहीं. ही फसवणूक होत नाहीं. परंतु घेणारी त्याचीच नुकती वयांत आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळें सांगणें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि घेणारा जर म्हणाला, कीं तुम्ही नाहीं म्हटलें नाहींत तर घोडा निर्दोष आहे असें मी धरून चालेन, आणि विकणारा गप्प बसला, तर तें गप्प बसणें बोलण्याइतकेंच समजावें. जाणूनबुजून दोष झांकणें ही तर सरळ फसवणूकच, आणि तसा करार घेणाऱ्याला रद्द करवितां येतो. घोड्याच्या जागीं मोटार घाला, सर्व तसेंच लागूं पडतें. गंजावर पुटी भरून रंग देणें आणि गंज दाखवून किंमत कमी करणें यांत कायद्यानें एवढें अंतर ठेविलें आहे. व्यवहारांतहि उघड सांगितलेला दोष स्वस्त पडतो. गिऱ्हाइकानें शोधून काढलेल्या एका दोषामागें तें न सांपडलेले तीन दोष कल्पितें.

कोणाला विकावयाची, यावरहि दुरुस्ती अवलंबून आहे. दलालाच्या पदरीं स्वतःचे मिस्त्री असतात. जें काम आपल्याला सात हजारांना पडतें तें त्याला चार हजारांत होतें. म्हणून दलालालाच द्यावयाची तर बॅटरीपलीकडे कांहीं करूं नये. घरगुती गिऱ्हाइकाला गॅरेजच्या खेपा नको असतात, त्याच्यासाठीं लहान कामें उरकून ठेवावीं. आणि दिवस मोजावे. उभ्या गाडीचा विमा चालूं असतो, उंदीर तारा कुरतडतात, आणि वर्ष पालटलें कीं भाव आपोआप एक पायरी उतरतो. सप्टेंबर २०२५ मध्यें नव्या लहान मोटारींवरील वस्तु-सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली कीं जुनीच्या भावाचें छतहि तितकें खालीं येतें. ऋतूचा विचार टपाच्या गाडीला विशेष लागतो. थंड देशांत अशी गाडी वसंतांत विकावी असें म्हणतात. आपल्याकडे पाऊस सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षांत, टप मागें टाकून गिऱ्हाइकाला एक चक्कर मारून आणावी. आषाढांत ताडपत्रीखालीं उभी असलेली तीच गाडी कोणाच्या मनांत भरणार?

वहिनींनीं रंग, नवा टप आणि बैठकींचीं कव्हरें हीं तिन्ही कामें सोडून दिलीं. ब्रेक, बॅटरी, रबरी पट्ट्या आणि हजार रुपयांची शिवण, मिळून सोळा हजार खर्च झाले. दाराखालचा ओरखडा आणि मागच्या कोपऱ्यांतला गंज त्यांनीं येणाऱ्या प्रत्येकाला आधीं दाखविला. तीन आठवड्यांत एका तरुण दांपत्यानें घासाघीस करून चार लाख अडतीस हजारांना गाडी घेतली. खर्च वजा जातां चार लाख बावीस. दलालाच्या भावापेक्षां बारा हजार अधिक. तीन आठवड्यांची दगदग आणि अनोळखी माणसांची ये-जा पाहतां बारा हजार म्हणजे फार झाले असें मी म्हणणार नाहीं. ज्याला वेळ नाहीं त्यानें दलालाला गाडी दिली तर तोहि चुकला असें म्हणतां येणार नाहीं.

या सर्वांत वहिनींचे सर्वाधिक दिवस गेले ते दुरुस्तींत नव्हे, कागदांत. मालक वारला असतां वारसानें तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयाला कळवावें आणि तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नांवावर करून घ्यावी, असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत हें कोणाला सुचत नाहीं. येथेंहि सुचलें नव्हतें. गाडी आपल्या नांवावर झाल्याशिवाय ती विकण्याचा अधिकारच पोंचत नाहीं, म्हणून मिस्त्रीला बोलावण्यापूर्वीं हें काम हातीं घ्यावें. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ लागतो. २०१९ च्या एप्रिलपूर्वीं नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षित नंबरपट्टी बसविली आहे कीं नाहीं तें पाहावें. नोंदणीला पंधरा वर्षें पुरीं होत आलीं असतील तर गिऱ्हाईक तो हिशेब प्रथम करतें, कारण पुढें तपासणी, पांच वर्षांचें नूतनीकरण आणि महाराष्ट्रांत पर्यावरण कर हीं सारीं त्याच्या अंगावर पडतात.

पैसे हातीं आले म्हणजे व्यवहार संपला असें समजूं नये. नमुना २९ आणि ३० यांवर सह्या करून मोकळें होणारे पुष्कळ आहेत. पुढें ते कागद दाखल झाले कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालच्या एका अपघाताच्या खटल्यांत, गाडी तीन-चार हातांतून गेली असतांहि, कार्यालयाच्या दप्तरीं ज्याचें नांव उरलें होतें त्यालाच भरपाईस जबाबदार धरलें. तेव्हां त्याच राज्यांत विक्री असेल तर चौदा दिवसांच्या आंत आपण स्वतः कळवावें, पोंच घ्यावी, आणि नवीन नांव चढल्याचें पुस्तक डोळ्यांनीं पाहावें. विमा घेणाऱ्याच्या नांवें करून देण्याची मुदतहि चौदाच दिवसांची आहे. मात्र अपघात न केल्याबद्दल विम्यांत मिळणारी सवलत गाडीची नसून मालकाची असते, तिचा दाखला कंपनीकडून मागून घेतला तर तो तीन वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीला लावतां येतो. आणि गाडी ताब्यांत देण्यापूर्वीं कांचेवरचा फास्टॅग खरवडून काढावा व बँकेला सांगून बंद करवावा; नाहीं तर घेणारा पहिल्याच रविवारीं टप मागें टाकून लोणावळ्यास निघेल आणि टोल आपल्या खात्यांतून जाईल.